सोने परत मागणारे राज्य : बायझंटाइन नाण्यांची साडेअकराशे वर्षे

बायझंटाइन चलनाचा पाया कॉन्स्टँटिनोपल वसण्याआधीच घातला गेला. इ.स. ३०९ च्या सुमारास ट्रिअरच्या टांकसाळीत कॉन्स्टंटाइनने एका रोमन पौंड सोन्यात ७२ नाणी पाडायला सुरुवात केली. त्याआधी, डायोक्लेशियनच्या कारकिर्दीत, तेवढ्याच सोन्यात ६० नाणी पडत. नव्या नाण्याचे नाव सॉलिडस. पूर्वेकडची ग्रीक बोलणारी प्रजा त्याला नोमिस्मा म्हणे. ३२४ मध्ये कॉन्स्टंटाइन साऱ्या साम्राज्याचा धनी झाला आणि हे माप सगळीकडे लागू झाले. वजन साडेचार ग्रॅमच्या जवळपास, कस जवळजवळ शंभर नंबरी. या दोन गोष्टी पुढची सातशे वर्षे जवळपास जशाच्या तशा राहिल्या. इतके टिकाऊ नाणे जगाच्या इतिहासात क्वचितच आढळते.

सोन्याखालच्या नाण्यांचे मात्र तसे नव्हते. चांदी कधी यायची, कधी दोनशे वर्षे गायब व्हायची. तांब्याचे नाणे फुगायचे, आकसायचे, त्याचे तुकडे पडायचे. हा फरक समजून घ्यायचा तर नाणी कुणाच्या सोयीसाठी पाडली जात हे पाहिले पाहिजे. व्यापाऱ्याची सोय ही टांकसाळीची पहिली काळजी कधीच नव्हती. सैन्याला आणि अधिकाऱ्यांना सोन्यात पगार द्यायचा आणि तेच सोने कराच्या रूपाने परत घ्यायचे, हे राज्याचे मुख्य काम होते. बाजारात खुर्दा लागतो, ही गोष्ट सरकारला बहुधा उशिरा आठवायची. बायझंटाइन मूल्यवर्गांमध्ये पुढे झालेला जवळजवळ प्रत्येक बदल पगाराच्या किंवा कराच्या एखाद्या अडचणीतून निघालेला आहे.

इ.स. ३६६ नंतर व्हॅलेंटिनियन आणि व्हॅलेन्स या भावांनी ही व्यवस्था आणखी आवळली. करात आलेली नाणी जशीच्या तशी खजिन्यात न टाकता वितळवायची, सोने शुद्ध करायचे आणि मग नवी नाणी पाडायची, असा नियम झाला. तेव्हापासून सॉलिडसच्या तळाशी एक छोटा शिक्का दिसू लागतो, आणि कॉन्स्टँटिनोपलच्या नाण्यांवर तो ‘कोनोब’ असा वाचता येतो. त्यातले ‘कोन’ हे राजधानीचे नाव आणि ‘ओब’ ही शुद्ध केलेल्या सोन्याची खूण. ग्रीक अंकांत हीच दोन अक्षरे मिळून ७२ होतात, म्हणजे कस आणि वजन दोन्हींची हमी दोन अक्षरांत बसली.

सॉलिडसचे वजन २४ केरातिऑनांचे मानले जाई. केरातिऑन म्हणजे कॅरोबच्या शेंगेतले बी, सुमारे ०.१९ ग्रॅमचे. आज सराफ सोन्याचा कस २४ कॅरेटांत मोजतो त्याचे मूळ याच हिशेबात आहे. सॉलिडसच्या अर्ध्याला सेमिसिस आणि तिसऱ्या हिश्श्याला ट्रेमिसिस म्हणत. ट्रेमिसिस पहिल्या थिओडोसियसच्या काळात, ३८० च्या दशकात, रुळले. पुढे पश्चिमेतल्या फ्रँक आणि व्हिसिगॉथ राजांनी नेमके हेच छोटे नाणे उचलले. त्यांच्या गरजेला अख्खा सॉलिडस फार मोठा होता.

तांब्यावरचा आकडा

पाचव्या शतकात सोन्याच्या खाली व्यवहारात उरले ते नुम्मस नावाचे तांब्याचे क्षुल्लक नाणे. वजनाने एखाद्या ग्रॅमच्या आसपास आणि आकाराने शर्टाच्या बटणाहून लहान. ४४५ मध्ये पश्चिमेचा सम्राट तिसरा व्हॅलेंटिनियन याने कायदा केला की, सराफाने सॉलिडस ७,२०० नुम्मींना विकला असेल, तर परत घेताना त्याने ७,००० पेक्षा कमी देऊ नये. दोनशे नुम्मींचा हा बट्टा सराफाची कायदेशीर कमाई होती. पण कायद्यापेक्षा त्यातला आकडा बोलका आहे. सोन्याच्या एका नाण्याची मोड घ्यायची तर काही किलो तांबे उचलून न्यावे लागे, आणि मधल्या किमतीचे नाणेच नव्हते.

ही पोकळी ४९८ मध्ये पहिल्या अनास्टेशियसने भरली. खजिन्याचा प्रमुख जॉन द पॅफ्लॅगोनियन याच्या देखरेखीखाली तांब्याची मोठी नाणी निघाली आणि त्यांच्यावर किंमत ठळक अक्षरात छापली गेली. ‘म्यू’ म्हणजे ४० नुम्मी, ‘कप्पा’ म्हणजे २०, ‘योटा’ म्हणजे १०. थोड्या वर्षांनी ५ नुम्मींचे ‘एप्सिलॉन’ही आले. ग्रीक अक्षरे अंक म्हणूनही वापरली जात असल्याने ज्याला वाचता येत नव्हते त्यालाही बाजारात हा आकडा ओळखता येई. चाळीस नुम्मींच्या नाण्याला फॉलिस म्हणत. सुरुवातीचा फॉलिस नऊएक ग्रॅमचा होता. तो हलका वाटत असावा, कारण ५१२ मध्ये वजन थेट दुप्पट झाले. बायझंटाइन नाण्यांचा स्वतंत्र इतिहास बरेच अभ्यासक या ४९८ सालापासूनच मोजतात, आणि ते योग्यच आहे. सॉलिडस रोमचा वारसा होता, ‘म्यू’चा फॉलिस कॉन्स्टँटिनोपलचा स्वतःचा. ५१८ मध्ये अनास्टेशियस वारला तेव्हा खजिन्यात ३,२०,००० पौंड सोने होते, असे इतिहासकार प्रोकोपियस सांगतो. ७२ च्या हिशेबाने ते दोन कोटी तीस लाख सॉलिडसांवर जाते.

तांब्याच्या या घराण्यातले सर्वांत देखणे नाणे जस्टिनियनचे. राज्याच्या बाराव्या वर्षी, म्हणजे ५३८-३९ मध्ये, त्याने फॉलिस पुन्हा वाढवला. हे नाणे वीस ग्रॅमहून जास्त भरते, तळहाताचा मध्य व्यापते. एका बाजूला सम्राट समोर पाहतो आहे. त्याआधी चेहरा बाजूने दाखवायची पद्धत होती. डोक्यावर पिसांचे शिरस्त्राण, हातात क्रूस असलेला गोल, खांद्याला ढाल. दुसऱ्या बाजूला भला मोठा ‘म्यू’, त्याच्या वर क्रूस, डावीकडे उभ्या ओळीत लॅटिन ‘आन्नो’ म्हणजे ‘वर्ष’, उजवीकडे रोमन आकड्यांत बारा. अक्षराच्या दोन पायांमध्ये टांकसाळीतल्या कोणत्या कारखान्याने ते पाडले त्याची खूण, आणि तळाशी शहराचे नाव. किंमत, साल, कारखाना, गाव, सगळे एकाच नाण्यावर. चुकार टांकसाळवाल्याला पकडायला यापेक्षा सोपी सोय नसावी. इतिहासकारांचेही त्यामुळे भलेच झाले.

ही चैन फार टिकली नाही. प्लेगची पहिली लाट ५४१-४२ मध्ये आली, इटली आणि इराणच्या आघाड्यांवर पैसा जात राहिला, आणि शतकाच्या अखेरीस फॉलिस बारा ग्रॅमच्या आसपास उतरला. प्रोकोपियसने आपल्या ‘गुप्त इतिहासा’त आणखी एक ठपका ठेवला आहे. पूर्वी सराफ एका सोन्याच्या नाण्याला २१० फॉलिस देत. ते सरकारने १८० वर आणले. प्रोकोपियस जस्टिनियनवर इतका खवळलेला आहे की त्याचे प्रत्येक वाक्य तपासूनच घ्यावे लागते. मात्र सोने आणि तांबे यांचा भाव सरकारी हुकुमाने हलवता येत होता, एवढे त्यातून नक्की कळते.

एकच साम्राज्य असले तरी तांबे प्रांताप्रांतात वेगळे होते. अलेक्झांड्रियाला फॉलिस मानवलाच नाही. तिथे १२ नुम्मींचे जाड, बसके नाणे चाले आणि त्याच्या जोडीला ६ आणि ३ चे. थेसालोनिकीत काही काळ १६ नुम्मींची नाणी निघाली. अँटिऑक, निकोमिडिया, सायझिकस, कार्थेज, रॅव्हेना यांच्या आपापल्या टांकसाळी होत्या आणि आपापल्या सवयी होत्या. सोन्याचे तसे नव्हते. सॉलिडस कुठलाही असो, राजधानीच्या मापाला उतरला पाहिजे. २०, २२ किंवा २३ कॅरेटांचे हलके सॉलिडसही जस्टिनियनच्या काळापासून निघाले, पण त्यांच्यावर तसे चक्क छापलेले असे.

सॉलिडसची पत सरहद्दीपलीकडे किती होती हे कॉस्मस इंडिकोप्लेउस्टेस या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याने सहाव्या शतकाच्या मध्यास लिहून ठेवले आहे. सिंहलद्वीपाच्या राजापुढे एक रोमन व्यापारी आणि एक इराणी दूत आपापल्या सम्राटाची थोरवी सांगू लागतात. रोमन म्हणतो, दोन्ही राजांची नाणी समोर ठेवा. एकीकडे चकचकीत सोन्याचा नोमिस्मा, दुसरीकडे चांदीचे द्रम्म. निकाल अर्थातच लागतो. गोष्ट सांगणारा रोमन बाजूचा असल्याने ती दुसरीकडे जाणार नव्हती. पण याच कॉस्मसने भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ‘कल्लियाना’ या बंदराचाही उल्लेख केला आहे. तिथून तांबे, लाकूड आणि कापड जात असे आणि तिथे इराणहून नेमलेला बिशप होता. हे आपले कल्याण, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पाचव्या-सहाव्या शतकातले सॉलिडस आणि त्यांच्या स्थानिक नकला दक्षिण भारतात मिळाल्या आहेत. कर्नाटकात हावेरी जिल्ह्यातल्या अक्कीआलूरचा साठा त्यांत प्रसिद्ध आहे. त्यातल्या कित्येक नाण्यांना भोके पाडलेली आहेत. इथे ती चलन म्हणून कमी आणि दागिना म्हणून जास्त वापरली गेली.

युद्धाची चांदी

सातव्या शतकाच्या सुरुवातीला ही रचना कोलमडली. इराणी फौजांनी सिरिया, पॅलेस्टाइन आणि शेवटी इजिप्तही घेतले. म्हणजे सर्वांत जास्त कर देणारे प्रांतच गेले. ६१५ मध्ये हेराक्लियसने चांदीचे जड नाणे काढले, सहा ग्रामाता वजनाचे, म्हणून हेक्साग्राम. ग्रॅममध्ये ते साडेसहाच्या आसपास भरते. त्यावर लॅटिनमध्ये देवाने रोमनांना साहाय्य करावे अशी विनवणी आहे. चलनावर एवढा उघड धावा त्याआधी कुणी केला नव्हता. याच नाण्यात सरकारी पगार निम्म्या दराने वाटले गेले, असे त्या काळच्या ‘पास्काल’ बखरीत नोंदले आहे. ६२२ मध्ये चर्चची सोन्याचांदीची भांडी वितळवून आणखी नाणी पाडली. हेराक्लियसने इराण्यांवर मात केली खरी, पण हेक्साग्राम शतकाच्या अखेरीस विरून गेला. संकट टळले आणि त्यासाठी काढलेले नाणेही गेले.

तांब्याची अवस्था त्याहून वाईट. जुन्याच फॉलिसवर नवा ठसा मारायचा, कधी तर जुने नाणे कापून त्याच्या तुकड्यावर मारायचा, असे चालले. हेराक्लियसचा नातू दुसरा कॉन्स्टन्स याच्या काळातले फॉलिस तीन-चार ग्रॅमचे, वेडेवाकडे, आणि ठसा अर्धा नाण्याबाहेर. बहुतेक प्रांतांतल्या टांकसाळी ६२९-३० च्या सुमारास बंद झाल्या. पुढे कार्थेज ६९८ मध्ये अरबांनी घेतले, रॅव्हेना ७५१ मध्ये लोंबार्डांनी.

अरबांनी सुरुवातीला बायझंटाइन नाणीच वापरली, मग त्यांच्या नकला केल्या. ६९२ च्या आसपास दुसऱ्या जस्टिनियनने सॉलिडसच्या दर्शनी बाजूवर प्रथमच ख्रिस्ताचा चेहरा छापला आणि स्वतः मागच्या बाजूला ख्रिस्ताचा सेवक म्हणून उभा राहिला. लगेच पाच वर्षांत खलिफा अब्दुल मलिकने पूर्णपणे अक्षरांचा, चित्र नसलेला दिनार काढला, ४.२५ ग्रॅमचा. एका नाण्याने दुसऱ्याला उत्तर दिले की हा योगायोग, यावर अभ्यासकांत वाद आहे. काही असले तरी त्यानंतर भूमध्य समुद्राच्या काठी सोन्याची दोन नाणी समोरासमोर उभी राहिली.

त्याचा परिणाम लवकरच चांदीवर दिसला. ७२० च्या सुमारास तिसऱ्या लिओने मिलिआरेसिऑन काढले. हे नाणे पातळ, पसरट, दोन ग्रॅमांच्या थोडे वर. एका बाजूला पायऱ्यांवर उभा क्रूस, दुसऱ्या बाजूला ओळीने लिहिलेला मजकूर, माणसाचे चित्र कुठेच नाही. घडण सरळ अरबी दिरहमची, काठावरच्या ठिपक्यांच्या वर्तुळांसकट. कित्येक मिलिआरेसिऑनांवर तर खालचा अरबी मजकूर अजून वाचता येतो, कारण दिरहमवरच नवा ठसा मारला होता.

यातून जे कोष्टक बसले ते तीनशे वर्षे टिकले. एक नोमिस्मा म्हणजे १२ मिलिआरेसिऑन, म्हणजे २४ केरातिऑन, म्हणजे २८८ फॉलिस. दशमान येण्यापूर्वी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै पाठ करणाऱ्या पिढीला हे कोष्टक परके वाटणार नाही. त्यातला केरातिऑन मात्र फक्त वहीत होता. तसे नाणे कुणी पाडत नव्हते. दोन केरातिऑन मिळून एक मिलिआरेसिऑन, असा तो हिशेबी मूल्यवर्ग. सेमिसिस आणि ट्रेमिसिस याच शतकात रोजच्या वापरातून गेले आणि पुढे केवळ समारंभापुरते उरले.

कोष्टक नीटनेटके होते, पण प्रत्यक्ष बाजार ओस पडला होता. अथेन्स, कॉरिंथ, सार्डिस अशा शहरांच्या उत्खननांत सातव्या शतकाच्या अखेरीपासून सुमारे दीडशे वर्षांची तांब्याची नाणी अगदी तुरळक मिळतात. राजधानीबाहेर खुर्द्याची गरजच उरली नव्हती, किंवा सरकारला ती भासत नव्हती. नवव्या शतकात थिओफिलसने (८२९–८४२) फॉलिस पुन्हा मोठ्या संख्येने पाडला आणि तो गावोगाव दिसू लागला. याच सुमारास ‘म्यू’ अक्षर नाण्यावरून गेले. नुम्मस इतका विसरला गेला होता की चाळीस कशाचे, हे कुणी विचारले नसते.

खुर्दा परत का आला, याचे एक कारण करखात्यात सापडते. शेतकऱ्याचा कर दोनतृतीयांश नोमिस्मा किंवा त्याहून जास्त झाला की त्याने अख्खा सोन्याचा नोमिस्मा आणून द्यायचा आणि उरलेले पैसे तांब्यात परत न्यायचे, असा नियम होता. म्हणजे गावात सुटे पैसे पोचवणारा मुख्य इसम कर वसूल करणारा अधिकारी होता. सोने वर जाई, तांबे खाली येई.

आठव्या आणि नवव्या शतकांत मूल्यवर्ग स्थिर होते, ठशांवर मात्र बरेच राजकारण झाले. धार्मिक चित्रांना विरोध करणाऱ्या मूर्तिभंजक सम्राटांनी ख्रिस्ताचे चित्र काढून आपल्या घराण्याचे चेहरे भरले. पाचव्या कॉन्स्टंटाइनने तर मेलेल्या वडिलांनाही नाण्यावर बसवले. सम्राज्ञी आयरीनने (७९७–८०२) सॉलिडसच्या दोन्ही बाजूंना स्वतःचाच चेहरा छापला. ८४३ मध्ये मूर्तिपूजा परतली आणि तिसऱ्या मायकेलच्या नाण्यावर ख्रिस्त परत आला, तोही दीडशे वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या जस्टिनियनच्या नाण्याबरहुकूम.

घसरण

सोन्याला पहिला धक्का निकेफोरस फोकस (९६३–९६९) या लढवय्या सम्राटाने दिला. त्याने दोन कॅरेटांनी हलका नोमिस्मा काढला. त्याचे नाव टेटार्टेरॉन. जुन्या पूर्ण वजनाच्या नाण्याला आता हिस्टामेनॉन म्हणावे लागले. कर जड नाण्यात घ्यायचा आणि पगार हलक्यात वाटायचा, असा आरोप बखरकार झोनारास करतो. दोन्ही नाणी सुरुवातीला दिसायला सारखी असल्याने हा डाव सहज खपला. अकराव्या शतकात ती वेगळी ओळखू येऊ लागली. हिस्टामेनॉन रुंद आणि पातळ होत शतकाच्या मध्यानंतर वाटीसारखा खोलगट झाला, तर टेटार्टेरॉन लहान, जाड आणि सपाट राहिला. न पाहता नुसत्या बोटांनी चाचपून फरक कळे.

तांब्यात याच काळात मजेदार गोष्ट घडली. पहिल्या जॉन त्झिमिस्केसने (९६९–९७६) फॉलिसवरून आपले नाव आणि चेहरा दोन्ही काढून टाकले. एका बाजूला ख्रिस्त, दुसऱ्या बाजूला ‘येशू ख्रिस्त, राजांचा राजा’ हा मजकूर, बस्स. पुढचे सम्राट येत-जात राहिले, निनावी फॉलिस १०९२ पर्यंत चालूच राहिले. त्यामुळे कोणता फॉलिस कोणाचा हे ठरवायला अभ्यासकांना एकावर एक मारलेल्या ठशांचे थर वाचत बसावे लागले.

सोन्याच्या कसाला हात लागला तो १०३४ नंतर, चौथ्या मायकेलच्या राज्यात. हा मायकेल सम्राट होण्यापूर्वी सराफी करत असे, अशी कथा बखरींत आहे. त्याच्यानंतर नवव्या कॉन्स्टंटाइनच्या (१०४२–१०५५) अखेरीस कस ऐंशी टक्क्यांच्या आसपास आला. सेसिल मॉरिसन या फ्रेंच संशोधिकेने नाण्यांच्या धातूचे पृथक्करण करून या घसरणीचे दोन भाग वेगळे दाखवले. पहिली घसरण संथ होती. व्यापार वाढत होता, सोने तेवढेच होते आणि वाढत्या व्यवहाराला जास्त नाणी हवी होती, असे तिचे म्हणणे. दुसरी घसरण कोसळण्याचीच. १०७१ मध्ये मान्झिकर्टला चौथा रोमानोस सेल्जुक तुर्कांच्या हाती सापडला तेव्हा कस सत्तर टक्क्यांवर होता. सातव्या मायकेलच्या शेवटच्या वर्षांत तो साठाच्या खाली गेला, तिसऱ्या निकेफोरसकडे (१०७८–१०८१) पस्तीसच्या घरात, आणि अॅलेक्सियस कोम्नेनसच्या पहिल्या दहा वर्षांत दहाच्याही खाली. म्हणजे नोमिस्मा हा सोन्याचा नावापुरताच उरला.

सातव्या मायकेलला लोकांनी ‘परापिनाकेस’ असे नाव ठेवले. एका नोमिस्म्याला मिळणाऱ्या गव्हाच्या मापात पाव हिस्सा कमी, एवढाच त्याचा अर्थ. सामान्य माणसाने कस कधी तपासला नसेल, पण गव्हाचे माप त्याला चांगलेच कळत होते. या पडझडीतला एक ठसा विशेष बोचणारा होता. पहिल्या आयझॅकने (१०५७–१०५९) सोन्यावर स्वतःला उपसलेली तलवार खांद्यावर घेतलेले दाखवले. राज्य देवाने दिले की तलवारीने, असा खवचट प्रश्न लगेच विचारला गेला.

अॅलेक्सियसने १०९२ मध्ये सगळी नाणी एकदम बदलली. बखरकारांनी या सुधारणेकडे जवळजवळ लक्षच दिले नाही. मायकेल हेंडी या ब्रिटिश नाणकशास्त्रज्ञाने १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नाण्यांवरूनच ती जुळवून दाखवली. नव्या रचनेत वरती हायपरपायरॉन, साडेवीस कॅरेटांचे, वाटीसारखे खोलगट, वजन जुन्या सॉलिडसएवढेच. त्याच्या खाली इलेक्ट्रमचे, म्हणजे सोने-चांदीच्या मिश्रणाचे ट्राखी. तीन ट्राखींचा एक हायपरपायरॉन. त्याखाली थोडी चांदी मिसळलेल्या तांब्याचे ट्राखी, हायपरपायरॉनाला ४८. सर्वांत खाली तांब्याचे टेटार्टेरॉन आणि त्याचे अर्धे. पूर्वीची एकेक नावे नव्या नाण्यांना चिकटली, म्हणून जुने दस्तऐवज वाचताना डोके चक्रावते. टेटार्टेरॉन शंभर वर्षांपूर्वी सोन्याचे होते, आता तांब्याचे झाले.

आधीच्या रचनेपेक्षा ही एका बाबतीत सरस होती. सोने आणि तांबे यांच्यामध्ये दोन नाणी होती, आणि बाराव्या शतकाच्या बाजारपेठांना तीच हवी होती. पण कर जुन्या हिणकस नोमिस्म्यांत ठरलेले होते, ते नव्या नाण्यांत कसे मोजायचे याचा घोळ पंधरा वर्षे चालला. ११०६ ते ११०९ दरम्यान ‘नवी हिशेबपद्धती’ काढून रूपांतराचे दर ठरवले गेले, तेव्हा कुठे करखाते मार्गी लागले. सोने शंभर वर्षे टिकले. मधली नाणी नेहमीप्रमाणे घसरली. हायपरपायरॉनाला ४८ मिळणारे मिश्र ट्राखी ११९० पर्यंत १२० झाले आणि शतकाच्या अखेरीस १८४.

व्हेनिसचा काळ

१२०४ मध्ये चौथ्या क्रुसेडने कॉन्स्टँटिनोपल लुटले. निकाइयात तग धरलेल्या ग्रीक राज्याने हायपरपायरॉन चालू ठेवले, थोडे हलक्या कसाचे. ट्रेबिझोंडच्या कोम्नेनसांनी चांदीच्या अस्परवर भर दिला. १२६१ मध्ये आठव्या मायकेलने राजधानी परत मिळवली आणि नव्या सोन्यावर हात उंचावलेली मेरी, भोवती शहराची तटबंदी असे चित्र घातले. दुसऱ्या बाजूला गुडघे टेकलेल्या सम्राटाला देवदूत मायकेल ख्रिस्तापुढे नेत आहे. ठसा सुंदर, पण कस १५ कॅरेट. त्याचा मुलगा दुसरा अँड्रोनिकस याच्याकडे तो १४, १२ असा उतरला. पेगोलोट्टी या फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्याने चौदाव्या शतकाच्या मध्यापूर्वी लिहिलेल्या पुस्तिकेत हायपरपायरॉन ११ कॅरेटांचे नोंदले आहे.

दरम्यान इटलीने सोने पाडायला सुरुवात केली होती. १२५२ मध्ये फ्लॉरेन्स आणि जेनोआ, १२८४ मध्ये व्हेनिस. व्हेनिसच्या डुकातवर संत मार्क गुडघे टेकलेल्या डोजच्या, म्हणजे व्हेनिसच्या प्रमुखाच्या, हाती निशाण देतो. हा साचाच बायझंटाइन नाण्यांवरून उचललेला. पुढे हाच डुकात अरबी समुद्र ओलांडून कोकण किनाऱ्याला आला. मराठी दप्तरांत त्याला पुतळी म्हणतात आणि पुतळ्यांच्या माळेत तो अजून गळ्यात घातला जातो.

कॉन्स्टँटिनोपलने आता उलट नक्कल सुरू केली. १३०४ च्या सुमारास अँड्रोनिकसने व्हेनिसच्या चांदीच्या नाण्याबरहुकूम बासिलिकॉन काढले, १२ बासिलिकॉनांचा एक हायपरपायरॉन. तुर्कांविरुद्ध भाड्याने आणलेल्या कॅटलान सैनिकांना तेच पगारात मिळाले. त्यांचा बखरकार मुंतानेर संतापून लिहितो की, ज्या भावाने ते हातात दिले त्या भावाला बाजारात कुणी घेत नव्हते. पगारावरून बिनसलेले हे कॅटलान पुढे साम्राज्यालाच लुटत हिंडले.

सोन्याचे शेवटचे नाणे १३५० च्या दशकात पडले. सम्राज्ञी अॅना ऑफ सॅव्हॉयने १३४३ मध्येच राजमुकुटाची रत्ने ३०,००० डुकातांवर व्हेनिसकडे गहाण ठेवली होती. १३४७ च्या राज्याभिषेकात मुकुटावर काचेचे खडे होते, असे बखरकार ग्रेगोरास सांगतो. हजाराहून जास्त वर्षे पगार सोन्यात देणाऱ्या राज्याकडे सोनेच उरले नाही. १३६७ च्या सुमारास पाचव्या जॉनने त्याची जागा चांदीच्या जाडजूड स्टाव्हराटॉनला दिली, सुरुवातीला साडेआठ ग्रॅमचे. किंमत अर्धा हायपरपायरॉन. त्याखाली त्याचे अर्धे आणि आठवा हिस्सा, आणि मग तांबे. म्हणजे दोन स्टाव्हराटॉन, चार अर्धे किंवा सोळा आठव्या हिश्श्याची नाणी मिळून एक हायपरपायरॉन, जे आता पाडलेच जात नव्हते.

पण हिशेबात ते जिवंत होते. १४३६ ते १४४० मध्ये व्हेनिसचा जाकोमो बादोएर कॉन्स्टँटिनोपलमध्ये व्यापार करत होता. त्याची खातेवही उपलब्ध आहे. तीत मिरी, कापड, गुलाम, जहाजाचे भाडे सगळे ‘पेरपेरो’ म्हणजे हायपरपायरॉनांत आणि प्रत्येकाच्या २४ कॅरेटांत लिहिले आहे. सोन्याचे नाणे बंद पडून ऐंशीहून जास्त वर्षे झाली होती, पण कॉन्स्टंटाइनच्या सॉलिडसचे चोवीस भाग वहीच्या रकान्यात तसेच होते.

१४५३ च्या वेढ्यात अकराव्या कॉन्स्टंटाइनने चर्चची भांडी वितळवून सैनिकांना चांदी वाटली. त्याची नाणी दीर्घकाळ जवळजवळ अज्ञात होती. १९९१ मध्ये नाणकशास्त्रज्ञ सायमन बेंडालने एक साठा प्रसिद्ध केल्यावर ती नीट अभ्यासता आली. त्यांतली बहुतेक आठव्या हिश्श्याची, घाईघाईने कापलेली, ठसा एका बाजूला सरकलेला. शहर पडल्यानंतर तिथे ऑटोमन सुलतान दुसऱ्या मेहमदची चांदीची आकचे चालू लागली. ऑटोमन सोन्याचे पहिले नाणे १४७७-७८ मध्ये निघाले, आणि त्याच्या वजनासाठी व कसासाठी टांकसाळीने व्हेनिसचा डुकात समोर ठेवला.